रोजचं मनन: विश्वास, धीर, आशा यांवर ४० दिवस लिहायचंय, वचनं कशी निवडावीत?

सकाळची_घंटा

जय ख्रिस्त सगळ्यांना.

राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी एक छोटं मनन पाठवायचं काम माझ्याकडे आलंय. रविवारी उपासना असतेच, म्हणून रविवार सोडून ४० दिवस. विषय पाळकसाहेबांनी ठरवून दिलाय: विश्वास, धीर आणि देवावरची आशा. गटात १८० जण आहेत. त्यातले बरेचसे साठीच्या पुढचे, काही घरांत मोठी आजारपणं चालू आहेत आणि तरुण मंडळी नोकरीच्या मागे.

अडचण अशी की दहा-बारा वचनांपुढे गाडी जात नाही. यिर्मया २९:११, यशया ४०:३१, फिलिप्पैकरांस ४:१३, रोमकरांस ८:२८ ही सगळ्यांनी कॅलेंडरवर आणि चहाच्या मगावर वाचलेली. गुलाबाच्या चित्रावर वचन टाकून पाठवलं की जोडलेल्या हातांची रांग लागते, पण वाचलं कुणीच नसतं. वचनं कशी निवडावीत, किती लिहावं, आणि घरात दुखणं असलेल्या माणसाला काय लिहू नये, हे जाणकारांनी सांगावं.

मागचापुढचा

सुटी वचनं वेचणं आधी थांबवा. पाच उतारे घ्या आणि प्रत्येकावर एक आठवडा राहा. दहा वचनं संपल्यासारखी वाटतात, कारण त्यांच्या मागचा-पुढचा मजकूर आपण कापून टाकलेला असतो. खरा धीर त्या कापलेल्या भागातच असतो.

यिर्मया २९:११ च घ्या. 'तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत' हे वाक्य एका पत्रातलं आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये यखन्या राजाबरोबर बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून ते पत्र धाडलं. अकराव्या ओवीच्या (म्हणजे वचनाच्या) अगदी आधी दहावी ओवी आहे आणि तिच्यात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकताना जो माणूस चाळिशीत होता, तो परतीचा दिवस बघणार नव्हता. म्हणून पाचव्या-सहाव्या ओवीत सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. सातवीत तर ज्या शहराने धरून नेलं त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करायला सांगितली आहे.

आता एक पान मागे जा, अध्याय २८. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा देवाच्या नावानेच बोलतो, देवळातच बोलतो आणि लोकांना हवं तेच बोलतो: दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या ताब्याची खूण म्हणून घातलेलं लाकडी जू काढून तो मोडतोसुद्धा. आणि यिर्मया आधी काय म्हणतो? 'आमेन, परमेश्वर तसं करो.' त्यालाही तेच हवं होतं! पण खरं ते नव्हतं, आणि हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला.

रोज सकाळी लिहिणाऱ्याने हे दोन अध्याय एकत्र वाचावेत. सत्तर वर्षं गाळून नुसती अकरावी ओवी पाठवली की वचन यिर्मयाचं राहतं आणि निरोप हनन्याचा होतो. नोकरी शोधणारा पोरगा ते 'या महिन्यात होईल' असं वाचतो, आणि महिना संपला की देव खोटा ठरतो. म्हणून वचन द्याल तेव्हा त्याची मुदतही द्या.

दिवसांची जुळणी अशी बसते. राखेच्या बुधवारपासून शनिवारपर्यंत चार दिवस, मग सोमवार ते शनिवार असे सहा आठवडे, म्हणजे ३६. एकूण ४०. पहिल्या चार दिवसांना स्तोत्र १३ घ्या, सहाच ओव्यांचं आहे. १-२ मध्ये 'कुठवर?' हा एकच प्रश्न चार वेळा, ३-४ मध्ये विनवणी, ५ मध्ये भरवसा, ६ मध्ये गाणं. एकेक तुकडा एकेका दिवशी. पहिल्या दिवशी पाचव्या ओवीवर उडी मारू नका, प्रश्नाला त्याचा दिवस मिळू द्या.

पहिला आठवडा हबक्कूक: १:२, १:१३, २:१, २:३, २:४, ३:१७-१९. दुसरा यिर्मया २८-२९. तिसरा विलापगीत ३, आणि शनिवारी ५:१९-२२. चौथा याकोबाच्या पत्राचा अध्याय १ आणि ५. पाचवा रोमकरांस ५ आणि ८. सहावा पवित्र सप्ताह, त्यात मार्क १४-१५ च्या बाहेर जायची गरजच नाही.

तग_धरा

वरच्या योजनेला जोड म्हणून शब्दांबद्दल. आपण 'धीर' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि तिथेच लिखाण पातळ होतं.

नव्या करारात ग्रीक शब्द दोन आहेत. एक हुपोमोने: 'खाली' आणि 'राहणे' मिळून झालेला. ओझ्याखालून निघून न जाणं. आपल्याकडे याला तग धरणं म्हणतात, कळ काढणं म्हणतात. याकोब १:३-४ आणि रोमकरांस ५:३-४ मध्ये हा आहे. दुसरा माक्रोथुमिया: 'लांब' आणि 'राग'. राग यायला लांबचा रस्ता लागणं, माणसांच्या बाबतीत लवकर न भडकणं. गलतीकरांस ५:२२ मधल्या आत्म्याच्या फळात हा आहे, तिथे आपण 'सहनशीलता' वाचतो. याकोब ५:७ मध्ये शेतकऱ्यासाठी आणि ५:१० मध्ये संदेष्ट्यांसाठी याकोबाने हाच वापरलाय.

आणि मग ५:११ मध्ये ईयोबाचं नाव आलं की तो शब्द बदलतो, हुपोमोनेवर येतो. बरोबरच आहे. ईयोब गप्प कुठे बसला होता? अध्याय ३ पासून ३१ पर्यंत तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांना फटकारतो, देवाकडे जाब मागतो. फक्त देवाला सोडून निघून जात नाही. तेव्हा 'ईयोबासारखे शांत राहा' असं कुठल्याही मननात लिहू नका, ते पुस्तकात नाही. 'ईयोबासारखे भांडा, पण देवाशीच भांडा' हे आहे.

जुन्या करारात वाट पाहण्यासाठी 'कावा' हे हिब्रू क्रियापद वारंवार येतं: स्तोत्र २७:१४, ४०:१, १३०:५, यशया ४०:३१, विलापगीत ३:२५. त्याच मुळातलं मानलेलं नाम 'तिक्वा', म्हणजे आशा. यिर्मया २९:११ मध्ये तेच आहे. गंमत म्हणजे यहोशवा २:१८ मध्ये राहाबेने खिडकीला बांधायच्या किरमिजी दोरीलाही 'तिक्वा' म्हटलंय. एका दिवसाच्या मननाला हे चित्र पुरतं: ताणलेली दोरी, एक टोक आपल्या हातात. पण रोज रोज ग्रीक-हिब्रू काढू नका. आठवड्यातून एकदा फार झालं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की मराठी शास्त्र (बायबल) त्याच्यासाठी अपुरं आहे. इब्री ११:१ मधले 'भरवसा' आणि 'खातरी' हे साधे शब्द किती काम करतात बघा. जो शब्द बँकेत, बाजारात, सोयरिकीत वापरतो तोच तिथे आहे.

वसईची_पारू

आमच्याकडे कॅथलिक चर्चमध्ये रोजची वाचनं ठरलेली असतात, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही, लिहिण्याचा येतो. त्याबद्दल सांगते.

लांबी ९० ते १२० शब्द. व्हॉट्सॲपवर मजकूर लांबला की 'अधिक वाचा' येतं आणि निम्मे लोक तिथेच थांबतात. म्हणून जे सांगायचंय ते पहिल्या दोन ओळींत यायला हवं. 'प्रभूच्या अतिपवित्र आणि गोड नावात सर्वांना सुप्रभात' यात पहिली ओळ घालवू नका.

रचना साधी ठेवा. वर फक्त संदर्भ, ठळक, म्हणजे दोन्ही बाजूंना तारका. मग वचनातलं एकच वाक्य, अख्खा उतारा नको. मग तीन-चार वाक्यांत हे कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगात बोलतंय ते. मग आजच्या दिवसाला लागू होईल अशी एकच गोष्ट. शेवटी एका ओळीची प्रार्थना, 'मी' किंवा 'आम्ही' वापरून. 'तुम्ही' वापरलं की प्रार्थनेचा उपदेश होतो, हे हमखास घडतं.

लागू करायची गोष्ट हाताने करता येईल अशी असावी. 'देवावर अधिक भरवसा ठेवा' हे कोणी कसं करायचं? 'ज्या एका गोष्टीची वाट बघताय ती कागदावर लिहा, खाली आजची तारीख टाका आणि शास्त्रात स्तोत्र १३ पाशी ठेवा' हे करता येतं.

लिहायचं रोजच्या रोज नाही. आठवड्याचे सहा एका बैठकीत काढा, दोन दिवस तसेच ठेवा, मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. पाठवायच्या आधी प्रत्येक संदर्भ शास्त्र उघडून तपासा. ३:१७ चं ३:७१ होणं ही सगळ्यांत नेहमीची चूक, आणि हबक्कूकाच्या तिसऱ्या अध्यायात ओव्याच १९ आहेत.

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर आवाजात पाठवा. १२० शब्द सावकाश वाचले तरी सव्वा मिनिटाच्या आसपास होतं. पार्श्वसंगीत नको, कानाला यंत्र लावलेल्यांना शब्दच कळत नाहीत. आणि ४० दिवसांपुरता वेगळा गट करून 'फक्त ॲडमिन' लिहू शकतील असं ठेवा, मग जोडलेल्या हातांची रांगही नाही. ब्रॉडकास्ट यादीच्या भानगडीत पडू नका. ज्यांनी तुमचा नंबर जतन केलेला नाही त्यांना तो निरोप पोहोचतच नाही, आणि ते तुम्हाला कळतही नाही.

मध्येच पद्य घालायचं असेल तर नारायण वामन टिळकांच्या ओळी बिनधास्त घ्या. ते १९१९ मध्ये गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतरही आता मोकळं आहे. नेहमीची ओवी शेजारी ठेवून तीच ओवी त्यांच्या मराठीत वाचली तर कान उघडतो. हल्लीच्या कवींचं मात्र विचारल्याशिवाय नको, नाव घालूनही नको.

खाटेपाशी

शेवटच्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. हा भाग सगळ्यांत जास्त चुकतो.

'देव झेपेल तेवढंच देतो' हे वाक्य शास्त्रात नाही. लोक १ करिंथकरांस १०:१३ दाखवतात, पण तिथे विषय परीक्षेचा, म्हणजे मोहात पडण्याचा आहे. मागच्या ओव्या मूर्तिपूजेबद्दल आहेत. कर्करोगाबद्दल नाहीत. उलट ते पत्र लिहिणारा तोच प्रेषित पौल २ करिंथकरांस १:८ मध्ये लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याचीही आशा उरली नाही. थकलेल्या माणसाला हे दाखवा. त्याला कळतं की आपण कमी पडलो नाही.

रोमकरांस ८:२८ ('देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात') मयताच्या घरी पहिल्या आठवड्यात पाठवू नका. ओवी खोटी आहे म्हणून नव्हे, क्रम चुकतो म्हणून. पौल २८ वर यायच्या आधी कण्हणं तीनदा सांगतो: २२ मध्ये सृष्टी कण्हते, २३ मध्ये आपण कण्हतो, २६ मध्ये आत्मा कण्हतो. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, असंही २६ मध्ये साफ म्हटलंय. पहिल्या आठवड्यात २६ पुरे. २८ माणूस स्वतः उच्चारेल तेव्हा उच्चारेल.

फिलिप्पैकरांस ४:१३ ('मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो') बद्दलही तेच. परीक्षेत पहिला नंबर येण्याचं ते वचन नाही. पौल बंदिवासात आहे, आणि ११-१२ मध्ये तो सांगतो की पोटभर असणं आणि उपाशी राहणं दोन्ही शिकलोय. त्या 'सर्व काही'त उपासमारही आहे.

गटावर लिहिताना कुणाच्याही दुखण्याचं नाव नको, 'आपल्या एका भगिनीसाठी' असंही नको, लगेच ओळखू येतं. 'विश्वास ठेवला म्हणून बरं झालं' ही साक्ष देवाच्या गौरवासाठीच असते, पण ज्याचं माणूस बरं झालं नाही तोही त्याच गटात आहे. तशी साक्ष रविवारी समोरासमोर द्यावी. आणि औषध बंद करण्याचा नुसता वासही कुठल्या वाक्याला येता कामा नये. १ तीमथ्य ५:२३ मध्ये पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, 'प्रार्थना कर, पुरे' असं सांगत नाही.

स्तोत्र ८८ एक दिवस जरूर ठेवा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेड नाही, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. त्या दिवशी खाली स्वतःकडून उजेड जोडायचा मोह आवरा.

सकाळची_घंटा

खूप मोलाचं मिळालं, आभारी आहे. योजना तशीच घेतो, फक्त स्तोत्र ८८ यिर्मयाच्या आठवड्यातल्या शुक्रवारी. चौथ्या आठवड्यातलं एक लिहून बघितलं, निर्दयपणे तपासा:

*याकोब ५:७.* शेतकरी पावसाची वाट पाहतो तशी आपण देवाची वाट पाहू या. जून महिन्यात मृगाचा पाऊस जसा वेळेवर येतो तसा देवाचा आशीर्वादही वेळेवर येतो. कोणी आपली मजुरी बुडवली, त्रास दिला तरी शांत राहा. तुमचा विश्वास मोठा असेल तर उत्तर लवकर मिळेल. आमेन.

मागचापुढचा

चार वाक्यांत चार गोष्टी, ओळीने घेतो.

मृग वेळेवर येतो हे गटातल्या शेतकऱ्यांना सांगून बघा. हसतील. दुसरं म्हणजे हा पाऊस मृगाचा नाहीच. याकोब ज्या मुलखाबद्दल लिहितोय तिथे उन्हाळा कोरडा असतो. पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, त्यावर नांगरणी-पेरणी होते. शेवटचा मार्च-एप्रिलात, त्याने दाणा भरतो आणि मग कापणी. आपल्याकडे परतीचा पाऊस उभ्या पिकावर आला तर पोटात गोळा येतो. तिथे शेवटच्या पावसाकडे डोळे लागलेले असतात. हा फरक एका वाक्यात सांगितला तर वचन ताजं होतं.

मजुरीचं वाक्य मात्र काढाच. तीनच ओव्या वर, ५:४ मध्ये, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. याकोब धनवानांना झापून मग मजुरांकडे वळतो आणि धीर धरा म्हणतो. तुम्ही तो धीर मजुरांच्या तोंडावर ठेवलेला हात करून टाकलात. मजुरी मागणं आणि धीर धरणं यांत त्याला विरोध दिसत नाही. त्याला नको आहे ते ५:९ मधलं एकमेकांवर कुरकुरणं.

आणि मोठा विश्वास, लवकर उत्तर असं गणित उताऱ्यात कुठेच नाही. शिष्य 'आमचा विश्वास वाढवा' म्हणाले तेव्हा येशूने लूक १७:६ मध्ये मोहरीचा दाणा दाखवला. मोजमाप तिथेच संपलं.

असं करून बघा:

*याकोब ५:७-८.* याकोबाच्या मुलखातला शेतकरी हिवाळ्याच्या तोंडाशी पहिल्या पावसावर पेरतो. शेवटचा पाऊस थेट मार्च-एप्रिलात. मधले महिने आभाळ त्याच्या हातात नसतं, पण बांध असतो, तण असतं, राखण असते. तो रिकामा बसत नाही. हे पत्र वाचणाऱ्यांत मजुरी बुडालेले लोक होते. त्यांची ओरड प्रभूच्या कानी गेली आहे, हे याकोब आधी सांगतो आणि मगच म्हणतो: धीर धरा. आज आपल्या हातात नसलेली एक गोष्ट आणि हातात असलेलं एक काम, दोन्ही लिहून काढू या. काम दुपारच्या आत करू या. प्रभू, आभाळ तुझं आहे. आमचा बांध आम्हाला नीट धरू दे.

वसईची_पारू

'हिवाळ्याच्या तोंडाशी' आवाजात छान येतं. 'मुलखातला' आणि 'मार्च-एप्रिलात' यांच्यामध्ये मात्र श्वास घ्या, तिथे जीभ अडखळते.

सकाळची_घंटा

घेतलं. एकच राहिलं: पवित्र शनिवारी काय? शुक्रवारी वधस्तंभ, रविवारी पुनरुत्थान, मधल्या दिवसाला मार्कात ओवीच सापडत नाही.

तग_धरा

त्या दिवसापुरतं मार्क सोडून लूककडे जा. लूक २३:५६, शेवटचा भाग: स्त्रियांनी आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला. सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवलेली, कबरीकडे जायला परवानगी नाही, आणि उद्या काय होणार याची कुणालाच कल्पना नाही. नुसता संदर्भ आणि ते एक वाक्य पाठवा, खाली काही लिहू नका. आवाजाचा निरोपही त्या दिवशी नको. रविवारी उपासना आहेच, पण गटावर एक ओळ टाकायची झाली तर लूक २४:२१ टाका. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे म्हणतात, 'आम्ही आशा धरली होती.' ज्याला ते हे सांगताहेत तो येशूच, त्यांच्या शेजारून चालतोय.